सोसायटीची खतावणी आणि क्लाउड

मृग नक्षत्र जवळ आले की यवतमाळ जिल्ह्यातील गावोगावच्या विविध कार्यकारी सेवा सहकारी सोसायट्यांच्या कचेऱ्या गजबजू लागतात. सातबारा, आठ-अ आणि मागील कर्जाच्या बेबाकीचा दाखला घेऊन सभासद येतात. गटसचिव कमाल मर्यादा पत्रक काढून बसतात. कोणाच्या नावे किती एकर कापूस, किती तूर, किती सोयाबीन आणि त्यावर किती कर्ज मंजूर, याची नोंद होते व कागद जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेच्या शाखेकडे रवाना होतात. पेरणीसाठी बियाणे व खत वेळेवर मिळणार की सावकाराच्या दारी जावे लागणार, हे पुष्कळदा खतावणीतील एका ओळीवर ठरते. वसुलीची नोंद राहून गेली तर फेडलेले कर्ज थकीत दिसते. आणि एकदा थकीत दिसले की व्याजातील सवलतही जाते व नवे कर्जही अडते.

या खतावणीची जागा आता बदलत आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने २९ जून २०२२ रोजी देशातील ६३ हजार कार्यरत प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाची योजना मंजूर केली. तीसाठी २,५१६ कोटी रुपयांची तरतूद करण्यात आली. तीपैकी १,५२८ कोटी केंद्र शासनाचे, ७३६ कोटी राज्य शासनांचे आणि २५२ कोटी नाबार्डचे. आपल्या राज्यातील सुमारे १२ हजार सोसायट्या या योजनेत घेण्यात आल्या. राज्याराज्यांतील वाट्यांमध्ये हा सर्वांत मोठा वाटा होय. २४ फेब्रुवारी २०२४ रोजी देशातील १८ हजार संस्थांच्या संगणकीकरणाचे उद्घाटनही झाले. या संस्थांच्या टेबलावर संगणक, मुद्रणयंत्र व बोटाचा ठसा घेणारे यंत्र आले. परंतु हिशेबाची आज्ञावली व सभासदांची खाती त्या संगणकात नाहीत. ती दूर कोठेतरी असलेल्या मोठ्या यंत्रांवर, म्हणजेच ‘क्लाउड’वर आहेत.

सोसायटीच्या संचालकांनी आणि सभासदांनीही येथे दोन प्रश्न विचारले पाहिजेत. आपली खतावणी नेमकी कोठे आहे? आणि ती तेथे ठेवल्याने खर्च वाचतो असे जे सांगितले जाते, ते कितपत खरे आहे? या लेखात प्रामुख्याने दुसऱ्या प्रश्नाचा विचार केला आहे. मात्र पहिल्याचे उत्तर मिळाल्यावाचून दुसऱ्याचे उत्तर मिळत नाही.

जिनिंगचा दाखला

आपला जिल्हा कापसाचा. यवतमाळ, वणी, पांढरकवडा, राळेगाव अशा गावांतून जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने दिवाळीच्या सुमारास सुरू होतात. आवारात कापसाच्या गंजी लागतात, रात्रंदिवस यंत्रे चालतात, सरकी निराळी होते आणि रुईच्या १७० किलोच्या गाठी बांधल्या जातात. उन्हाळा लागला की आवक ओसरते आणि यंत्रे झाकून ठेवली जातात. कारखान्याची क्षमता मात्र भर हंगामातील आवक गृहीत धरूनच उभारावी लागते. वर्षातील उरलेले महिने ती क्षमता पडून असते आणि कर्जाचे व्याज, रखवालदार व विमा यांचा खर्च चालूच राहतो.

म्हणूनच भारतीय कापूस निगम हमीभावाने कापूस घेते तेव्हा गावोगाव स्वतःचे कारखाने उभारीत बसत नाही. हंगामापुरती निविदा काढून चालू कारखान्यांशी करार करते आणि जेवढे काम होईल तेवढे पैसे देते. यंत्राचा पट्टा तुटला तर तो बदलणे ही कारखानदाराची जबाबदारी. निगमाचे काम एवढेच की आपला माल दुसऱ्याच्या मालात मिसळणार नाही, वजन बरोबर होईल आणि आग लागल्यास नुकसान कोणी सोसायचे हे करारात लिहिलेले असेल.

क्लाउड म्हणजे संगणकाच्या क्षेत्रातील हीच व्यवस्था. ‘मेघ’ या शब्दामुळे ती काहीतरी हवेत तरंगणारी गोष्ट आहे असा समज होतो, तो बरोबर नाही. ती सिमेंटच्या इमारतीत, लोखंडी मांडणीवर ओळीने लावलेली यंत्रे असतात. तेथे वीज लागते, थंडावा लागतो, पहारा लागतो. फरक मालकीचा व हिशेबाचा आहे. यंत्र दुसऱ्याचे, आपण वापरापुरते भाडे द्यायचे. २००६ साली अमेरिकेतील ॲमेझॉन कंपनीने संगणकशक्ती तासाला दहा सेंट दराने भाड्याने देण्यास प्रारंभ केला, तेव्हापासून या व्यवहाराला बाजाराचे स्वरूप आले.

हंगामी गर्दीचा अनुभव केवळ सोसायट्यांनाच येतो असे नाही. शिक्षकबंधूंना दहावीच्या निकालाचा दिवस आठवत असेल. वर्षभर ज्या संकेतस्थळाकडे फारसे कोणी फिरकत नाही, तेथे दुपारी एक वाजता राज्यभरातील विद्यार्थी, पालक आणि शाळा एकाच वेळी येऊन धडकतात. त्या दोन-चार तासांसाठी यंत्रे विकत घ्यायची, तर उरलेले वर्षभर त्यांच्याकडे पाहत बसावे लागेल. पीककर्जाच्या बाबतीतही मार्चअखेर व जूनअखेर हे असेच गर्दीचे दिवस होत.

एका वाड्यात अनेक बिऱ्हाडे

भाड्याने देण्याची ही सोय स्वस्तात शक्य झाली ती आभासीकरणामुळे. याचे तत्त्व अवघड नाही.

पूर्वी कचेरीत एका कामासाठी एक सर्व्हर अशी पद्धत होती. सर्व्हर म्हणजे अनेकांना एकाच वेळी सेवा देणारा संगणक. पगारपत्रकासाठी एक, पत्रव्यवहारासाठी एक, ठेवींच्या हिशेबासाठी एक. एका आज्ञावलीत बिघाड झाला तर दुसरे काम बंद पडू नये, हा त्यामागील हेतू होता आणि तो चुकीचा नव्हता. परंतु यंत्रांच्या वापराची मोजणी केली असता असे आढळून येई की बहुतेक सर्व्हर आपल्या शक्तीच्या दहा-पंधरा टक्केच काम करीत आहेत. उरलेला वेळ ते नुसते तापत बसलेले असतात. वीज मात्र दहा टक्क्यांची लागत नाही. रिकामा बसलेला सर्व्हरही पूर्ण कामावरील विजेचा बराच मोठा हिस्सा खातो.

आभासीकरणात एका दणकट यंत्रावर ‘हायपरवायझर’ नावाची एक देखरेख करणारी आज्ञावली बसविली जाते. ती त्या यंत्राची स्मरणशक्ती, गणनशक्ती व साठवणूक यांची वाटणी करून अनेक ‘आभासी यंत्रे’ निर्माण करते. प्रत्येक आभासी यंत्राला आपण स्वतंत्र संगणक आहोत असेच वाटते. मोठ्या वाड्यात जशी निरनिराळी बिऱ्हाडे राहतात, तशी ही रचना. विहीर एक, दिंडीदरवाजा एक, छप्पर एक. परंतु प्रत्येकाची चूल वेगळी आणि प्रत्येकाच्या खोलीला कुलूप वेगळे. एका बिऱ्हाडात काही सांडलवंड झाली तरी शेजारच्याचा स्वयंपाक थांबत नाही. वाड्याच्या उपमेत जे बसत नाही ते एवढेच की हे बिऱ्हाड चालू अवस्थेत उचलून दुसऱ्या वाड्यात नेता येते. एखादे यंत्र दुरुस्तीस काढावयाचे झाल्यास त्यावरील आभासी यंत्रे काम न थांबविता दुसऱ्या यंत्रावर हलविता येतात.

ही कल्पना नवी वाटली तरी तशी ती नाही. आयबीएम कंपनीने ‘व्हीएम/३७०’ ही प्रणाली ऑगस्ट १९७२ मध्ये जाहीर केली. योगायोग असा की आपल्या राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना त्याच वर्षीच्या हंगामापासून अमलात आली. संगणक तेव्हा इतका महाग होता की एकाच यंत्रावर अनेकांना काम करू देणे भाग होते. पुढे छोटी यंत्रे स्वस्त झाली आणि ही युक्ती विस्मरणात गेली. यंत्रांची संख्या वाढून वीज व देखभाल महाग झाली तेव्हा ती पुन्हा आठवली. १९९८ साली स्थापन झालेल्या व्हीएमवेअर कंपनीने साध्या सर्व्हरसाठी तिचा प्रसार केला. २००७ पासून लिनक्स या मुक्त प्रणालीतच ‘केव्हीएम’ नावाने ती सोय अंतर्भूत झाली. तिच्यासाठी परवान्याचे शुल्क द्यावे लागत नाही, ही गोष्ट खरेदीची टिपणी लिहिणाऱ्या अधिकाऱ्यांनी अवश्य ध्यानात ठेवावी.

विजेचा हिशेब

खर्च कोठे वाचतो हे पाहण्यासाठी एक उदाहरण घेऊ. यातील आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत. वाचकांनी आपल्या कचेरीतील प्रत्यक्ष आकडे घालून हिशेब मांडावा.

एखाद्या जिल्हास्तरीय संस्थेत आठ सर्व्हर आहेत आणि प्रत्येकाला ३०० वॅट वीज लागते असे धरू. सर्व्हर रात्री बंद करीत नाहीत, म्हणून वर्षाचे ८,७६० तास. एका यंत्राला २,६२८ युनिट आणि आठांना २१,०२४ युनिट वीज लागेल. तेच काम प्रत्येकी ४५० वॅटच्या दोन दणकट यंत्रांवर आणले, तर ७,८८४ युनिट पुरतात. वाचले १३,१४० युनिट. दहा रुपये दर धरला तर वर्षाला एक लाख ३१ हजार रुपये. यात वातानुकूलनाची वीज धरलेली नाही. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो तेव्हा सर्व्हरच्या खोलीत किती यंत्रे ठेवावी लागतात आणि रोहित्र जळाले की तेथे कशी तारांबळ उडते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना अधिक सांगण्याची आवश्यकता नाही.

दोनच यंत्रे का, एकच का नाही, असा प्रश्न कोणी विचारील. एक पुरेसे असले तरी ते बंद पडल्यास आठही कामे एकदम बंद पडतील. बचतीच्या भरात दुसरे यंत्र गाळणे ही अशा योजनांत नेहमी होणारी चूक आहे.

विजेपेक्षाही मोठा खर्च माणसाचा असतो आणि तो टिपणीत लिहिला जात नाही. सर्व्हर स्वतःच्या कचेरीत ठेवला की त्याची प्रत काढणे, विषाणूपासून बचाव करणे, आज्ञावलीची दुरुस्ती करणे आणि बॅटऱ्या बदलणे ही कामे रोज कोणीतरी करावी लागतात. अनेक सोसायट्यांतून आजवर असे दिसून आले आहे की संगणक होता, आज्ञावलीही विकत घेतलेली होती, पण ती एकट्या सचिवालाच येत होती. एकेका गटसचिवाकडे दोन-दोन, तीन-तीन सोसायट्या असतात. त्याची बदली झाली की संगणकावर कापड पडे आणि पुन्हा वही सुरू होई. आज्ञावली देणारा गावोगाव वेगळा असल्याने एका सोसायटीचा हिशेब दुसरीच्या किंवा बँकेच्या हिशेबाशी जुळत नसे, ही अडचण आणखी निराळी. २०१७ च्या कर्जमाफीच्या वेळी अर्जातील व बँकांकडील माहितीत विसंगती आढळून याद्यांना विलंब झाला; त्याची झळ शेतकऱ्यांना लागली हे सर्वांच्या स्मरणात असेल.

६३ हजारांची एक आज्ञावली

या पार्श्वभूमीवर सोसायट्यांच्या योजनेकडे पाहिले असता तिचा आर्थिक तर्क स्पष्ट होतो. २,५१६ कोटी रुपयांना ६३ हजारांनी भागले तर एका संस्थेमागे सरासरी चार लाखांच्या आतच खर्च येतो. त्यात संगणक व अनुषंगिक यंत्रे, आज्ञावली, जुन्या नोंदींचे संगणकीकरण, प्रशिक्षण आणि देखभाल या सर्व बाबी येतात. एखाद्या सोसायटीने हेच सारे स्वतंत्रपणे करावयाचे ठरविले, स्वतःचा सर्व्हर, स्वतःची आज्ञावली आणि स्वतःचा माणूस असा घाट घातला, तर या रकमेत पाच वर्षे काढणे अशक्यच म्हटले पाहिजे. आज्ञावली एकदाच लिहायची आणि हजारोंनी वापरायची, व्याजाचा नियम बदलला तर दुरुस्ती एकाच ठिकाणी करायची, सुरक्षेची माणसे एकाच ठिकाणी नेमायची, हे या बचतीचे मर्म आहे. यंत्र स्वस्त झाले म्हणून खर्च उतरला असे नव्हे. वाटणी करणारे वाढले म्हणून प्रत्येकाच्या वाट्याचा भार हलका झाला.

शासनाच्या इतर कामांतही हाच क्रम दिसतो. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची, म्हणजे एनआयसीची, स्थापना १९७६ ची. तिच्या जिल्हा केंद्रांनी जिल्हाधिकारी कचेऱ्यांतून पहिले संगणक चालविले. केंद्र शासनाच्या ‘मेघराज’ उपक्रमाखाली तिचा राष्ट्रीय क्लाउड ४ फेब्रुवारी २०१४ रोजी सुरू झाला. महाराष्ट्राने जानेवारी २०१८ मध्ये सार्वजनिक क्लाउडविषयीचे धोरण जाहीर केले. असे धोरण आखणारे ते देशातील पहिले राज्य होय. ग्रामपंचायतींचे आराखडे व हिशेब ज्यावर भरले जातात ते ‘ई-ग्रामस्वराज’ एप्रिल २०२० पासून सुरू आहे. ग्रामपंचायतीत त्यासाठी सर्व्हर बसवावा लागला नाही, हे सरपंच व ग्रामसेवक जाणतातच.

नळ उघडा राहिला तर

आता दुसरी बाजू. क्लाउड स्वस्त असतो हे विधान जसेच्या तसे स्वीकारता येत नाही. भाड्याची वस्तू वापरापुरती घेतली तरच स्वस्त पडते. लग्नाला मंडप भाड्याने घेणे शहाणपणाचे. परंतु तोच मंडप वर्षभर अंगणात उभा ठेवला तर पक्की पडवी बांधून झाली असती.

क्लाउडवरील आभासी यंत्राचे भाडे बहुधा तासावर असते. ते दिवसरात्र चालू ठेवले तर महिन्याचे ७२० तास होतात. कचेरीच्या वेळेपुरते, म्हणजे रोज दहा तास व महिन्यातील २६ दिवस चालविले, तर २६० तास. खर्च जवळजवळ एकतृतीयांशावर येतो. प्रशिक्षणासाठी किंवा चाचणीसाठी घेतलेली यंत्रे काम झाल्यावर बंद करण्याचे राहून जाते आणि देयक चालू राहते. गावच्या नळयोजनेत तोटी उघडी राहिली तर निदान चिखल तरी दिसतो. येथे काहीच दिसत नाही, महिनाअखेर देयकच दिसते. म्हणून ज्या कार्यालयाने स्वतंत्रपणे क्लाउड घेतला असेल त्याने कोणते यंत्र कशासाठी व कोणाच्या सहीने चालू आहे याची नोंदवही ठेवावी. वही कागदी असली तरी चालेल.

वर्षभर एकसारखे व भरपूर काम असणाऱ्या संस्थेला स्वतःचे यंत्र, त्यावर आभासीकरण करून, अधिक स्वस्त पडू शकते. मोठ्या बँका या मार्गाने जातात त्यात नवल नाही. लहान संस्थेला, जिचे काम हंगामी आहे आणि जिच्याकडे जाणकार माणूस नाही, तिला भाड्याचा मार्ग सोयीचा. दोन्हींच्या मधल्या संस्थांनी पाच वर्षांचा हिशेब मांडल्याशिवाय निर्णय घेऊ नये. विक्रेत्याने मांडलेला हिशेब पुरेसा समजू नये, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

क्लाउडमुळे एक खर्च मात्र नव्याने उत्पन्न होतो, तो जोडणीचा. खतावणी दूर गेली म्हणजे तिच्यापर्यंत पोचण्याची वाट बारमाही हवी. यवतमाळ किंवा पुसद शहरात ही अडचण फारशी जाणवत नाही. झरी जामणी, मारेगाव, केळापूर तालुक्यांतील डोंगरकपारीच्या गावांत आणि कोलाम बांधवांच्या पोडांवर परिस्थिती निराळी आहे. तेथे वीज आणि इंटरनेट या दोहोंपैकी एक असते तेव्हा दुसरे नसते. सभासद वीस किलोमीटरवरून आलेला असतो, ‘आज लिंक नाही’ असे ऐकून परत जातो. त्याची एक दिवसाची मजुरी व गाडीभाडे कोणाच्याही ताळेबंदात येत नाही. बचतीच्या हिशेबात हा भार सभासदाच्या खांद्यावर सरकविला गेला, तर ती बचत संस्थेची झाली, गावाची झाली नाही. अशा ठिकाणी दोन निरनिराळ्या कंपन्यांची जोडणी आणि चार-सहा तास पुरेल असा वीजसाठा यांवरील खर्च चैनीचा समजू नये.

सामाईक छप्पर, सामाईक धोका

वाड्याचे छप्पर एक असल्याने भाडे कमी पडते. तेच छप्पर गळू लागले तर सगळी बिऱ्हाडे भिजतात. ३१ जुलै २०२४ रोजी देशातील सहकारी व ग्रामीण बँकांना याचा प्रत्यय आला. अनेक लहान बँकांना संगणकीय सेवा पुरविणाऱ्या एका कंपनीवर खंडणीखोर विषाणूचा हल्ला झाला. तो इतरत्र पसरू नये म्हणून राष्ट्रीय देयके महामंडळाने त्या कंपनीची जोडणी तोडली आणि सुमारे ३०० लहान बँकांचे ग्राहक देवघेवीच्या सामाईक व्यवस्थेपासून तुटले. दुसऱ्या दिवशी जोडणी पूर्ववत झाली. यात त्या बँकांनी स्वतः कोणती चूक केली होती असे नाही. त्या एकाच छपराखाली होत्या इतकेच.

दुसरे उदाहरण परदेशातील, पण शासकीय अधिकाऱ्यांनी विशेष लक्ष द्यावे असे आहे. २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियातील देजॉन येथील शासकीय डेटा सेंटरमध्ये बॅटऱ्यांना आग लागली. सहाशेहून अधिक शासकीय संगणकप्रणाली बंद पडल्या. ज्यांच्या प्रती अन्यत्र होत्या त्या हळूहळू सुरू करण्यात आल्या. सरकारी कर्मचाऱ्यांची कामाची कागदपत्रे ज्या सामाईक साठ्यात होती त्याची मात्र दुसरीकडे प्रतच नव्हती. ८५८ टेराबाइट माहिती नष्ट झाली. इतक्या मोठ्या साठ्याची प्रत ठेवणे अवघड, म्हणून ती ठेवलेली नव्हती. संगणकाच्या वापरात जगात अग्रेसर असलेल्या देशात हे घडले.

तेव्हा करार करताना वा स्वीकारताना काही गोष्टी नेमक्या विचारून घ्याव्यात. प्रत किती वेळाने निघते आणि ती कोणत्या दुसऱ्या शहरात ठेवली जाते? ‘ठेवली जाते’ एवढ्या उत्तरावर समाधान मानू नये. गेल्या वर्षात त्या प्रतीवरून खाती पुन्हा उभी करून पाहिली काय, हेही विचारावे. न वाचता ठेवलेल्या प्रतीचा उपयोग होईलच याची शाश्वती नसते. केंद्र शासनाने मान्यता दिलेल्या क्लाउड सेवादात्यांना माहिती देशातच ठेवण्याचे बंधन आहे. ही अट आपल्या करारात उतरली आहे काय हे पाहावे.

सेवा किती काळ उपलब्ध राहील याची टक्केवारी करारात असते. ९९ टक्के हा आकडा परीक्षेच्या गुणपत्रिकेत उत्तम दिसतो. येथे त्याचा अर्थ असा की वर्षात ८७ तासांहून अधिक काळ सेवा बंद असली तरी करारभंग होत नाही. ९९.५ टक्क्यांना ही मुभा सुमारे ४४ तासांवर व ९९.९ टक्क्यांना पावणेनऊ तासांवर येते. बंद राहण्याचे हे तास कोणत्या दिवशी यावेत यावर मात्र कोणाचे नियंत्रण नसते. ते ३१ मार्चला किंवा ३० जूनला आले तर काय, याचे कलम करारात स्वतंत्रपणे घालून घेता येते. त्या दिवशी हाताने दिलेली पावती ग्राह्य धरली जाईल आणि मागाहून केलेल्या नोंदीस पावतीचीच तारीख लागेल, असा लेखी आदेश सोसायटीजवळ असला पाहिजे. नाहीतर यंत्र बंद आणि व्याज चालू, असा प्रकार व्हावयाचा.

शेवटचा प्रश्न बाहेर पडण्याचा. सेवादाता बदलावयाचा झाल्यास आपली सर्व खाती आपल्याला वाचता येतील अशा साध्या स्वरूपात, किती दिवसांत आणि किती शुल्क घेऊन परत मिळतील? भाडेकरूने घर सोडताना भांडी परत मिळणार नसतील, तर कमी भाड्याला काही अर्थ उरत नाही. एखादी सोसायटी एकटीने अशी कलमे मागू शकणार नाही, हे खरे. ही कामे राज्यस्तरावर व जिल्हा बँकेच्या पातळीवर व्हावयाची आहेत; संचालकांनी ती झाली आहेत किंवा नाहीत एवढे लेखी विचारावे.

जुनी बाकी

या सर्वांहून नाजूक काम जुन्या नोंदी नव्या खतावणीत उतरविण्याचे आहे. विदर्भातील पुष्कळ सोसायट्यांना ‘अनिष्ट तफावत’ हा शब्द चांगला परिचित आहे. सभासदांकडून येणे असलेल्या रकमेपेक्षा सोसायटीचे बँकेला देणे जास्त, असा हा फरक. बँक आलेल्या वसुलीतून आधी व्याज वजा करते, सोसायटी मुद्दल जमा धरते, कर्जमाफीची रक्कम दोन ठिकाणी दोन रीतींनी लागते, आणि वर्षानुवर्षे हा फरक साचत जातो. क्लाउडवरील आज्ञावली बेरीज अचूक करील. परंतु १९९८ सालची एखादी पावती रोजकीर्दीत का चढली नाही, हे तिला सांगता येणार नाही. चुकीची बाकी एकदा संगणकात गेली की तिला संगणकाचे वजन प्राप्त होते. वहीतील आकड्यावर शेतकरी वाद घालीत असे. पडद्यावरील आकड्यापुढे तो गप्प बसतो.

यासाठी प्रत्येक सोसायटीने नव्या पद्धतीत उतरविलेल्या बाकीची संपूर्ण यादी छापून कचेरीच्या व ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावी. गावातील शाळेच्या शिक्षकांनी एक-दोन संध्याकाळी बसून ती ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखविली, तर मोठे काम होईल. ३० सप्टेंबरपूर्वी भरणाऱ्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे ही यादी ठेवावी. ज्याला आपली बाकी मान्य नसेल त्याने पावतीची प्रत जोडून लेखी हरकत द्यावी, सचिवांनी तिची पोच द्यावी आणि जिल्हा बँकेच्या शाखेतील उताऱ्याशी ताळा करून पंधरा दिवसांत उत्तर कळवावे. नोंद उतरविल्यानंतरच्या पहिल्या लेखापरीक्षणापर्यंत अशी दुरुस्ती सोपी असते. त्यानंतर प्रत्येक दुरुस्तीसाठी मागील वर्षाचा ताळेबंद उघडावा लागतो, आणि त्याला तालुक्याच्या ठिकाणी किती हेलपाटे घालावे लागतात हे सभासदांना सांगावयास नको.